टेबलाच्या आपल्या बाजूला कोण बसतं? महाराष्ट्रातल्या रुग्ण-मदतीचा रोखठोक रिव्ह्यू

मोठ्या रुग्णालयात पेशंट दाखल झाला की नातेवाइकांना मदतीची माणसं पटापट भेटू लागतात. योजनेच्या खिडकीत आरोग्यमित्र असतो. समाजसेवा विभागात मॅडम असतात. कुणीतरी नगरसेवकाच्या वैद्यकीय कक्षाचा नंबर पुढे करतं. गेटबाहेर चहा पिताना ‘आपली आत ओळख आहे’ म्हणणाराही एक जण हमखास भेटतो. यांच्याशिवाय आणखी एक माणूस असतो, पण तो शोधावा लागतो: एखाद्या संस्थेचा किंवा संघटनेचा स्वतंत्र रुग्णहक्क कार्यकर्ता.

हा रिव्ह्यू या पाचही जणांचा आहे. कसोटी एकच लावली आहे. त्याचा पगार कोण देतं, आणि रुग्णालयाशी वाजलं तर तो कुणाच्या बाजूने उभा राहू शकतो? स्वभाव चांगला की वाईट हा प्रश्न इथे गौण आहे. अत्यंत मायाळू आरोग्यमित्र पाहायला मिळतात आणि कमालीचे उद्धट कार्यकर्तेही. तरीसुद्धा बिल हातात आल्यावर फरक पडतो तो खुर्ची टेबलाच्या कोणत्या बाजूला आहे याने.

आधी, मदत नेमकी कशासाठी लागते ते पाहू. हक्क कागदावर आहेत आणि भरपूर आहेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे ती राज्यभर पसरली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं, आणि जुलै २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू झालं. दुसरीकडे धर्मादाय म्हणजे ट्रस्टची रुग्णालयं आहेत. राज्यात ती चारशेहून अधिक आहेत आणि त्यांतली काही इतकी चकचकीत आहेत की दारात उभं राहिल्यावर ‘धर्मादाय’ हा शब्द डोक्यातही येत नाही. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ कक खाली, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार आखलेली योजना त्यांना २००६ पासून बंधनकारक आहे. चालू खाटांपैकी १० टक्के निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीच्या दरात. निर्धन म्हणजे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३,६०,००० पर्यंत.

याचा खर्च कुठून येतो हे समजून घेतलं की काउंटरवरची निम्मी उत्तरं आपोआप कळतात. बाकीच्या सगळ्या पेशंटच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम रुग्णालयाने ‘निर्धन रुग्ण निधी’ या वेगळ्या खात्यात जमा करायची असते. बोलताना सगळे त्याला आयपीएफ म्हणतात. महिन्याचं बिलिंग ४ कोटी असेल तर या खात्यात ८ लाख पडतात. २५० खाटांच्या रुग्णालयात २५ खाटा निर्धनांच्या आणि २५ दुर्बलांच्या. खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टरांची सेवा, चादरी, वीज, पाणी, नेहमीच्या तपासण्या आणि रुग्णालय देत असेल तर जेवण, एवढ्याचं निर्धन रुग्णाला बिलच लावायचं नाही. औषधं, साहित्य आणि इम्प्लांट खरेदीच्या किमतीने धरायची आणि ती रक्कम निधीतून वळती करायची. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं, साहित्य, इम्प्लांट यांचा किमान अर्धा भार उचलावा लागतो.

म्हणून ‘आयपीएफ संपला, आता काही करता येणार नाही’ हे वाक्य ऐकलं की थांबायचं. निधी संपला तरी मोफत खाट संपत नाही, कारण खाटेचा पैसा निधीतून जातच नाही. निधीत तूट असेल तर ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवणं ही रुग्णालयाची जबाबदारी. पेशंटच्या बापाला काउंटरवर तोंडी सांगून ती पार पडत नाही. हा एवढासा खुलासा कोण करतो आणि कोण करत नाही, यावरच पुढचे गुण दिले आहेत.

आरोग्यमित्र: पाचपैकी तीन

फुले योजनेच्या प्रत्येक अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्र असतो आणि तिथूनच सुरुवात करावी. कार्ड तपासणं, नोंदणी करणं, रुग्णालयाने पूर्वमंजुरी पाठवली की नाही ते बघणं हे त्याचं काम. तो रुग्णालयाचा नोकर नसतो, योजनेच्या कंत्राटी यंत्रणेचा असतो. कागदावर तो स्वतंत्रच. प्रत्यक्षात त्याची खुर्ची, कॉम्प्युटर आणि रोजचा संबंध रुग्णालयाशी. तिथल्या प्रशासनाशी रोज वाकडं घेऊन कुणाला आठ तास त्याच लॉबीत बसता येत नाही.

त्यामुळे कागद सरळ असतील तर आरोग्यमित्र उत्तम. आधार आणि रेशनकार्डावर नाव सारखं, कार्डाला १२ अंकी ऑनलाइन नंबर, आजार यादीत, खाट मोकळी: अशा वेळी काम एका दिवसात होतं. कागद वाकडे असले की ‘साहेब, सिस्टिम घेत नाहीये’. वाकडे म्हणजे किती? आधारवर ‘सखुबाई’, रेशनकार्डावर ‘सकूबाई’, एवढंही पुरतं. लग्नानंतर माहेरच्या कार्डातून नाव कमी झालं पण सासरच्या कार्डात चढलं नाही, ही दुसरी नेहमीची अडचण. आणि बाळाचं नाव कार्डात नसणं ही तिसरी.

त्याच्याकडून एक गोष्ट मात्र मागून घ्यावी: नकार कशामुळे, ते लेखी. देत नसेल तर तिथेच उभं राहून १५५३८८ या योजनेच्या मोफत क्रमांकावर फोन लावावा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत टिपून घ्यावा. शस्त्रक्रिया तातडीची असेल तर फोनवरून मंजुरी घेण्याची सोय योजनेतच आहे. ती रुग्णालयाने वापरायची असते, आणि ‘मंजुरी यायला वेळ लागेल, तोवर पैसे भरा’ हे सांगणं सोपं असल्यामुळे बऱ्याचदा वापरली जात नाही.

समाजसेवा विभाग: साडेतीन, पण डोळे उघडे ठेवून

धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असावाच लागतो. या माणसाला वॉर्ड, डॉक्टर, ट्रस्ट, देणगीदार सगळं माहीत असतं. औषधांसाठी दुसऱ्या ट्रस्टकडून दहा-वीस हजार मिळवून देणं, मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरून देणं, रक्ताची सोय करणं, यात त्याच्या तोडीचं कुणी नाही. बाहेरचा कार्यकर्ता आठवडाभर खपून जे करेल ते हा दोन फोनवर करतो.

पण पगार रुग्णालयाचा. राखीव खाटा मोकळ्या आहेत का, या साध्या प्रश्नावर त्याची पंचाईत होते. त्यामुळे हक्काऐवजी देणगीकडे वळवण्याची सवय लागते: ‘तुम्ही या चार ट्रस्टना अर्ज करा.’ कुटुंब चार गावं फिरतं, पंचवीस हजार गोळा करतं, ते बिलात भरतं आणि आभार मानून घरी जातं. ज्या खाटेवर त्यांचा कायद्याने हक्क होता तिचा विषयच निघत नाही. ट्रस्टकडे अर्ज करण्यात चूक काहीच नाही, फक्त निर्धन किंवा दुर्बल घटकाचा अर्ज त्याआधी दिलेला असावा आणि त्याची पोच हातात असावी.

नगरसेवक, आमदार, ‘आरोग्यदूत’: दोन

वेगाला पैकीच्या पैकी. एका फोनने डिपॉझिट माफ होतं, बिलातले तीस-चाळीस हजार कमी होतात. अडलेल्या माणसाने हा फोन का करू नये? जरूर करावा. गुण कापले आहेत ते दुसऱ्या कारणाने. या फोनची कुठेच नोंद राहत नाही. कमी झालेली रक्कम ‘साहेबांच्या शब्दाखातर सूट’ म्हणून जाते, आणि शेजारच्या खाटेवरच्या, कुणाचीच ओळख नसलेल्या बाईला पूर्ण बिल लागतं. विषमता मिटत नाही, ओळख असलेल्या आणि नसलेल्या माणसांमध्ये नव्याने वाटली जाते. शिवाय हक्काचं रूपांतर उपकारात होतं आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा फोटो बॅनरवर येतो.

टपरीवरचा ओळखवाला: शून्य

बिलात जेवढी कपात करून देईन त्याच्या दहा-वीस टक्के, असा याचा हिशेब असतो. कधी हा रुग्णालयाकडून पेशंट आणण्याचं कमिशनही घेतो. ओळखण्याची खूण सोपी: तो मूळ कागद मागतो. मूळ रेशनकार्ड, मूळ आधार, कोरा सही केलेला अर्ज. झेरॉक्सवर ‘फक्त अमुक रुग्णालयातील अर्जासाठी’ असं आडवं लिहून सही करावी आणि मूळ कागद आईच्या पिशवीतून बाहेर काढू नयेत.

स्वतंत्र रुग्णहक्क कार्यकर्ता: साडेचार, जिथे मिळेल तिथे

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. जन आरोग्य अभियान, पुण्यातली साथी, मुंबईतली सेहत अशा संस्था-संघटनांनी रुग्णांचे हक्क हा विषय दोन दशकांहून अधिक काळ लावून धरला. त्यांच्या आजूबाजूला तालुक्या-तालुक्यात कष्टकऱ्यांच्या, आदिवासींच्या, एकल महिलांच्या संघटना काम करतात. यांचा माणूस रुग्णालयाकडून पगार घेत नाही, पेशंटकडून टक्केवारी घेत नाही, आणि उद्या त्याच लॉबीत बसायचं नसल्यामुळे प्रश्न विचारताना आवाज खाली करत नाही.

चांगला कार्यकर्ता आल्या आल्या डॉक्टरशी बोलायला जात नाही. तो आधी पेशंटशेजारी बसतो आणि विचारतो, तुम्हाला काय हवंय? ही गोष्ट किरकोळ वाटते, पण सेवेचा कणा हीच आहे. नातेवाइकांना बिल कमी करून हवं असतं, डॉक्टरांना ऑपरेशन करायचं असतं, संघटनेला कदाचित प्रकरण लावून धरायचं असतं, आणि पेशंटला फक्त कळून घ्यायचं असतं की गर्भाशय काढायलाच हवं का. स्वतंत्र मदतनिसाचं काम पेशंटला जे हवंय ते मांडणं, स्वतःला जे योग्य वाटतं ते नव्हे. जो पहिल्या भेटीतच ‘आपण यांना कोर्टात खेचू’ म्हणतो त्याचा एक गुण तिथेच कापा.

त्यानंतर अधिकारपत्र. साध्या कागदावर, पेशंटच्या भाषेत: ‘मी अमुक वॉर्डात दाखल आहे. माझ्या उपचारांचे कागद पाहणे, बिलाबाबत बोलणे आणि माझ्या वतीने अर्ज देणे यासाठी मी या व्यक्तीला अधिकार देत आहे. हे अधिकारपत्र मी कधीही रद्द करू शकते.’ सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, तारीख आणि वेळ. हे नसेल तर सुरक्षारक्षक त्याला दारातूनच परत पाठवतो, आणि ‘पेशंटची माहिती गोपनीय आहे’ हे रुग्णालयाचं म्हणणं तेव्हा बरोबरच असतं.

मग कागद. कामाचा मोठा भाग इथेच जातो आणि बहुतेक प्रकरणं इथेच जिंकली किंवा हरली जातात. दाखल होताना सह्या केलेल्या फॉर्मच्या प्रती पहिल्यांदा मागायच्या. त्यांत एखाद्या पानावर ‘मला योजनेचा लाभ घ्यायचा नाही, मी स्वखर्चाने उपचार घेत आहे’ असं छापलेलं असतं आणि रात्री दीड वाजता मुलाने त्यावर सही केलेली असते. अशी सही सापडली तर त्याच दिवशी अर्ज द्यायचा की ही सही माहिती न देता घेतली गेली, मी योजनेचा लाभ मागत आहे. चार दिवसांनी, डिस्चार्जच्या टेबलावर दिलेल्या अर्जाला तेवढं वजन राहत नाही.

उत्पन्नाच्या दाखल्याचं गणित वेगळं. तहसीलदाराच्या दाखल्याला सेवा हक्क कायद्याखाली १५ दिवसांची मुदत आहे आणि अपेंडिक्सचा पेशंट चौथ्या दिवशी घरी जातो. म्हणून पिवळं किंवा केशरी कार्ड लगेच जोडायचं, ‘आपले सरकार’ केंद्रावर दाखल्याचा अर्ज करून त्याची पावती जोडायची, आणि अर्जात ‘मूळ दाखला मिळताच सादर करतो’ असं लिहायचं. घरातले दोघं गावाकडे धावतात आणि पेशंटजवळ कुणीच उरत नाही, हा घोळ दर वेळी होतो. एकाने गावी जायचं, एकाने इथे थांबायचं.

तातडीचा पेशंट असेल तर यातलं काहीही आधी लागत नाही. धर्मादाय रुग्णालयाने त्याला लगेच दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे, डिपॉझिट मागायचं नाही, हे योजनेत स्पष्ट आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य जीव वाचवणं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं. रात्री काउंटरवर कायद्याची पुस्तकं उघडून उपयोग नसतो. अनुभवी कार्यकर्ता तिथे वाद घालत नाही. तो एका ओळीचा अर्ज लिहितो: ‘तातडीच्या रुग्णासाठी आपण डिपॉझिट मागत आहात, कृपया हे लेखी द्यावे.’ बऱ्याच वेळा त्या कागदाची पोच देण्यापेक्षा पेशंटला आत घेणं रुग्णालयाला सोपं वाटतं.

बिल तपासणी हे खास कसब आहे. एकत्रित रकमेचं बिल घ्यायचंच नाही, तपशीलवार मागायचं. मग औषधांच्या चिठ्ठ्या आणि नर्सिंगचा चार्ट शेजारी ठेवून पाहायचं: जे इंजेक्शन दिवसाला दोनदा दिलं ते बिलात चारदा आहे का, हातमोजे किती, ज्या दिवशी डॉक्टर आले नाहीत त्या दिवशी व्हिजिट लावली आहे का. फुले योजनेतला पेशंट असेल तर काम आणखी सोपं. पॅकेजमध्ये सामान्य वॉर्डची खाट, डॉक्टरांची फी, औषधं, इम्प्लांट, तपासण्या, जेवण सगळं धरलेलं असतं. ‘योजनेचा स्टेंट साधा असतो, चांगला हवा तर वरचे चाळीस हजार’ असं म्हणत कच्च्या चिठ्ठीवर पैसे घेतले गेले असतील, तर ती कच्ची चिठ्ठी सोन्यासारखी जपायची. पैसे रोख देण्यापेक्षा ऑनलाइन भरायचे, म्हणजे निदान नोंद उरते. कोविडच्या काळात हेच शिकायला मिळालं. राज्य सरकारने मे २०२० मध्ये वॉर्डसाठी दिवसाला ४,०००, आयसीयूसाठी ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,००० असे दर ठरवून दिले होते. त्यावर घेतलेले पैसे मागायची वेळ आली तेव्हा ज्यांच्याकडे तपशीलवार बिल होतं त्यांना मुद्दा मांडता आला. ज्यांच्याकडे फक्त ‘पेड’ असा शिक्का होता त्यांना तेही जमलं नाही.

उपचारांचे कागद मिळत नसतील तर वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेचा आधार आहे: मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यायला हवेत. २०२१ मध्ये सुधारलेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार खासगी रुग्णालयाने रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं. ते लावलेलं नसेल तर त्या रिकाम्या भिंतीचाही तारखेसह फोटो घ्यावा.

आता क्रम, कारण इथे उत्साही मंडळी हमखास चुकतात. आधी समाजसेवक, मग वैद्यकीय अधीक्षक, तिथे लेखी अर्ज आणि आवक क्रमांकासह पोच. त्यानंतर विषयाप्रमाणे वाटा फुटतात. राखीव खाटेचा प्रश्न जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात. योजनेचा प्रश्न योजनेच्या जिल्हा समन्वयकाकडे. दरपत्रक, सनद, अडवणूक हे महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा जिल्हा शल्यचिकित्सकाकडे, म्हणजे जिथून रुग्णालयाची नोंदणी झाली तिथे. एकच अर्ज पाच कार्यालयांना ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून पाठवला की पाचही जण तो दुसऱ्याचा समजतात. पैशाची वसुली हवी असेल तर ग्राहक आयोग: मुदत दोन वर्षं, आणि दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे वकिलांनाही पुष्कळदा आठवत नाही. प्राधिकरणाचा क्रमांक १५१००. पत्रकाराला पहिल्याच दिवशी बोलावण्याचा मोह टाळावा. बातमी एक दिवस टिकते, पेशंट पुढचे दहा दिवस त्याच वॉर्डात असतो.

ही सेवा कुणासाठी सगळ्यात जास्त लागते? ज्यांच्याकडे आजार आहे पण कागद नाहीत त्यांच्यासाठी. बीडमधून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं रेशनकार्ड गावाकडे ट्रंकेत असतं, म्हणून निघण्यापूर्वी कार्डाच्या सगळ्या पानांचा फोटो मुकादमाच्या नव्हे, स्वतःच्या फोनमध्ये हवा. पारधी वस्तीत रेशनकार्डाची अडचण, नंदुरबारच्या धडगावात भाषेची. भिली-पावरी बोलणाऱ्या बाईला मराठीतला संमतीचा फॉर्मही परकाच. नवऱ्याने टाकलेल्या बाईचं नाव त्याच्याच कार्डात अडकलेलं असतं आणि ते कमी करायला त्याची सही मागतात. अशा वेळी कार्डाच्या मागे न लागता तिच्या स्वतःच्या नावे उत्पन्नाचा दाखला काढून धर्मादाय योजनेतून जाणं सोपं पडतं. ही वाट आरोग्यमित्र दाखवत नाही, कारण ती त्याच्या योजनेत येत नाही.

स्वतंत्र असण्याचा दुसरा फायदा एका पेशंटच्या पलीकडचा आहे. ऊसतोड बायकांमध्ये गर्भाशय काढलेल्यांचं प्रमाण हा प्रत्येक बाईचा ‘खासगी’ प्रश्न राहिला असता. संघटनांनी तो मोजायला लावला. २०१९ च्या बीडमधल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे सहाजणींमागे एक. कोणत्याही रुग्णालयाचा समाजसेवक हा आकडा जुळवायला बसला नसता. तो त्याच्या कामाचा भागच नाही.

गावपातळीवर याचंच संघटित रूप म्हणजे लोकाधारित देखरेख. २००७ मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली. गावकऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला प्रगतिपुस्तक द्यायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचून दाखवायचं. बाहेरची औषधं लिहून देणं, प्रसूतीला पैसे मागणं अशा गोष्टी उघडपणे बोलल्या गेल्या की अधिकाऱ्यांना उत्तर द्यावंच लागतं. मात्र या कामाचा पैसा ज्या सरकारी आरोग्य अभियानावर देखरेख करायची त्याच अभियानातून येत होता. स्वातंत्र्याच्या कसोटीवर हा कच्चा दुवा कबूल करायला हवा.

मग साडेचारच का, पाच का नाहीत? पहिलं, हा माणूस मिळत नाही. पुण्या-मुंबईत फोन लागतो, परभणीत लागेलच असं नाही. दुसरं, तो थकतो. मानधन तुटपुंजं, प्रकरणं संपत नाहीत, आणि दोन वर्षांत अनुभवी माणूस दुसऱ्या कामाला लागतो. तिसरं आणि सगळ्यात मोठं: त्याला कायद्यात जागा नाही. इंग्लंडमध्ये ज्याला स्वतः निर्णय घेता येत नाही आणि ज्याच्या बाजूने बोलणारं कुणी नाही, त्याच्यासाठी मोठ्या उपचारांच्या निर्णयाआधी स्वतंत्र मदतनीस नेमणं २००५ च्या कायद्याने बंधनकारक केलं, आणि आरोग्यसेवेविरुद्ध तक्रार करणाऱ्याला मोफत मदतनीस पुरवणं ही तिथे स्थानिक कौन्सिलची जबाबदारी आहे. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी सोय २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे. तिथे रुग्ण स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून नेमू शकतो. बाकी सगळीकडे कार्यकर्त्याचं बळ म्हणजे पेशंटने दिलेलं ते अधिकारपत्र आणि त्याची स्वतःची चिकाटी.

मदतनीस खरा जाणकार आहे का, हे तपासायचं असेल तर डिस्चार्जच्या दिवशी त्याला विचारा, आता आणखी काय मागायचं राहिलं? फुले योजनेच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा फेरतपासणीचा आणि औषधांचा खर्च धरलेला असतो, शिवाय रुग्णालयातून घरापर्यंतचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं एका वेळचं भाडंही. लोक टाक्यांना मलम बाहेरून विकत घेतात आणि उसने पैसे काढून गाडी करतात. ज्याने ‘भाड्याची पावती घेतली का?’ असं आपणहून विचारलं, त्याचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.